भरला हौदा, रिकामा हौदा: नागपूरभोवती दोन पिकअप घेऊन

घरच्या वापरासाठी दुहेरी केबिनची मोठी पिकअप घ्यायची म्हटली की नागपुरात बोलणे दोन नावांवर येऊन थांबते: आयसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स. कागदावर त्या एकमेकींना अगदी खेटून उभ्या आहेत. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर, ३०९५ आणि ३०८५ मिलिमीटर, लांबी दोघींची साधारण ५.३ मीटर, पुढे डबल विशबोन आणि कॉइल स्प्रिंग, मागे अखंड अ‍ॅक्सल आणि पाटे (एकावर एक बसवलेल्या पोलादी पट्ट्यांचे स्प्रिंग). मोठा फरक इंजिनाचा. व्ही-क्रॉसचे १.९ लिटर डिझेल १६३ पीएस ताकद आणि ३६० एनएम टॉर्क (ओढ) देते, हायलक्सचे २.८ लिटर २०४ पीएस आणि ऑटोमॅटिकमध्ये ५०० एनएम.

गाडी कशी बसते आणि आत किती आवाज येतो, हे मात्र कुठल्याच माहितीपत्रकात नसते. शोरूमची चाचणी फेरी रिकाम्या गाडीने, पुढच्या सीटवरून, गुळगुळीत रस्त्याने चार-पाच किलोमीटरांत आटोपते. म्हणून डिसेंबरात ओळखीच्या घरांतल्या या दोन्ही गाड्या, दोन्ही ऑटोमॅटिक, दोन्हींना १८ इंची चाके, नागपूरभोवतीच्या निरनिराळ्या रस्त्यांवर लागोपाठ फिरवल्या. एक दिवस शहरात, एक समृद्धी महामार्गावर, एक काटोलकडे माल भरून आणि एक पेंचच्या वाटेने.

पहिला दिवस: थंड इंजिन, थंड टायर, सिमेंटचे शहर

डिझेलचा खरा आवाज ऐकायचा तर सकाळी पहिल्या स्टार्टला. गाडी रात्रभर उभी हवी. शोरूमवाले आधीच इंजिन गरम करून ठेवतात, त्यामुळे बॉनेटला हात लावून पाहावा. कोमट लागले तर दुसऱ्या दिवशी सकाळी यावे. थंड इंजिनात इंधन पेट घ्यायला किंचित उशीर होतो, मग साचलेले इंधन एकदम जळते आणि तो ओळखीचा खडखडाट येतो. आवाज तीन ठिकाणी ऐकावा: बाहेर बॉनेटसमोर, आत काच उघडी ठेवून, आणि आत सगळे बंद करून. पहिल्या दोन्हींत मोठा वाटणारा आवाज तिसऱ्यात किती उरतो, त्यावर फायरवॉलचा (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीचा) थर आणि दारांची रबरे कशी आहेत ते कळते. बाहेर दोन्ही गाड्या डिझेलसारख्याच बोलतात. आत बसल्यावर हायलक्सचा खर्ज, तर व्ही-क्रॉसचा किंचित वरच्या पट्टीतला. इंजिन गरम झाल्यावर निष्क्रिय फेऱ्यांवर (गाडी उभी, पाय पेडलवर नाही) दोन्हींत बोलणे सहज होते. एसी लावून स्टीअरिंगवर आणि सीटच्या कडेवर हात ठेवावा, कारण कॉम्प्रेसर सुरू झाल्यावर येणारी थरथर एसी बंद असताना कळत नाही.

नंतर टायर. आरामाची अर्धी गोष्ट इथेच ठरते आणि चाचणीला जाणारा माणूस नेमके हेच तपासत नाही. यार्डात उभ्या राहणाऱ्या नव्या गाड्यांच्या टायरांत हवा बरेचदा जास्त भरलेली असते, म्हणजे टायर एका जागी चपटे होत नाहीत. ती कमी न करता गाडी चाचणीला आली तर कुठलीही पिकअप दगडासारखी लागेल. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो. त्यावर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी वेगळे आकडे दिले असतील तर रिकाम्या गाडीचा आकडा घ्यावा, आणि तोही थंड टायरला. डिसेंबरात नागपूरची पहाट आणि दुपार यांत १५ अंशांचा फरक सहज पडतो. पस्तीसच्या आसपास पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) असलेल्या टायरात १० अंशांमागे साधारण दीड ते पावणेदोन पीएसआय वाढतात, वर चालून तापलेल्या टायरची वाढ वेगळी. दोन गाड्यांची तुलना करायची तर दोन्हींची हवा एकाच गेजने, एकाच वेळी, गाड्या हलायच्या आधी मोजावी.

रिंग रोडवरच्या टायरवाल्या भाऊंनी गेज लावता लावता सांगितले, "लोकं म्हणतात गाडी कडक हाय. गाडी नाही जी, हवा कडक हाय. चाळीस-पंचेचाळीस टाकून फिरवतात, मंग कंबर धरून येतात."

टायरच्या आकाराचे गणित शिकून घेण्यासारखे आहे. रुंदीला गुणोत्तराने गुणले की बाजूच्या भिंतीची उंची मिळते. व्ही-क्रॉसचा २५५/६० आर १८ म्हणजे १५३ मिलिमीटर. हायलक्सच्या वरच्या प्रकाराचा २६५/६० आर १८ म्हणजे १५९. हायलक्सच्याच खालच्या प्रकाराला २६५/६५ आर १७ येतो, त्याची भिंत १७२ मिलिमीटर, आणि पूर्ण चाकाचा व्यास मात्र १८ इंचीएवढाच, ७७६ मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे कमी पैशांच्या प्रकारात १३ मिलिमीटर जास्त रबर आणि हवा खड्ड्याच्या आणि रिमच्या मध्ये असते. नागपूरच्या गट्टू बसवलेल्या कडांवर आणि रस्त्याच्या पातळीला न बसलेल्या चेंबरच्या झाकणांवर हे १३ मिलिमीटर जाणवतात. दिसायला १८ इंची चाक भारी, बसायला १७ इंची.

हिवाळी अधिवेशन सुरू असल्याने सिव्हिल लाइन्सकडे बंदोबस्त होता, म्हणून शहराची फेरी बाहेरच्या बाजूने, रिंग रोड आणि पश्चिम नागपूरच्या सिमेंट रस्त्यांवरून झाली. ३० ते ५० च्या वेगात टायरची गुणगुण फार नसते, मागच्या पाट्यांचे वागणे उठून दिसते. पाटे एकावर एक घासतात. छोट्या धक्क्याला ते घर्षण ओलांडेपर्यंत स्प्रिंग हलतच नाही, धक्का जसाच्या तसा चेसिसमध्ये जातो. मोठ्या गतिरोधकावर पाटे नीट वाकतात आणि गाडी उलट चांगली वाटते. म्हणून पिकअप गतिरोधकावर पारखू नये. डांबर उखडलेला, बारीक खडबडीत असा शंभर मीटरचा तुकडा शोधावा आणि त्यावरून ३०, ४०, ५० ने जावे. या तुकड्यावर रिकाम्या दोन्ही गाड्या मागून थरथरल्या. हायलक्सची मागची बाजू अधिक ताठ आणि लवकर शांत होणारी, व्ही-क्रॉस किंचित मऊ पण एक हेलकावा जास्त घेणारी.

तर्री पोहे खाल्ल्याशिवाय शहराचा दिवस होत नाही. गाडी लावायला जागा मात्र पाहूनच जावे, ५.३ मीटरची गाडी ठेल्यासमोर उभी केली की मागचा मीटरभर भाग रस्त्यात राहतो.

दुसरा दिवस: समृद्धीवर वर्ध्याला

पहाटे शिवमडक्याहून समृद्धीवर. ७०१ किलोमीटरच्या या महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, आणि तेव्हापासून नागपूरकराला गाडीचा आवाज तपासायला लांब, सरळ, रिकामा सिमेंटचा रस्ता दाराशी मिळाला. कारसाठी मर्यादा ताशी १२०, मालवाहू वाहनांसाठी ८०. पिकअप घेताना नोंदणी कोणत्या वर्गात होते आहे ते आरसीवर पाहून घ्यावे, कारण त्यावर वेगाची मर्यादा आणि फास्टॅगचा वर्ग ठरतो.

सिमेंटच्या रस्त्यात दोन वेगळे आवाज असतात आणि ते वेगळे करून ऐकता आले पाहिजेत. एक सततचा, पाणी निचरायला पाडलेल्या आडव्या खाचांवरून टायर जाताना येणारी शीळ. दुसरा ठेका, फरशांच्या सांध्यांचा. सांधे साधारण साडेचार मीटरवर असतात. ताशी ८० ला सेकंदाला जवळपास ५ सांधे चाकाखालून जातात, १०० ला ६, १२० ला ७ हून थोडे अधिक. उभ्या दिशेच्या हादऱ्यांत माणसाचे शरीर ४ ते ८ हर्ट्झच्या (सेकंदाला ४ ते ८ हादऱ्यांच्या) पट्ट्यात सर्वांत हळवे असते, आणि हा ठेका नेमका त्यात बसतो. समृद्धीवर दोन-तीन तासांनी मान-पाठ अवघडते, त्यात या ठेक्याचा वाटा आहे. रस्ता डोळ्यांना सपाट दिसतो म्हणून लोक दोष सीटला देतात.

त्यात व्हीलबेसची भर. पुढचे चाक सांध्यावरून गेल्यावर मागचे चाक ३.०९ मीटरनंतर त्यावर येते, आणि पुढच्या चाकाला नवा सांधा त्यानंतर १.४ मीटरने मिळतो. त्यामुळे ठोके समान अंतराने पडत नाहीत. पुढे-मागे, लगेच पुढे, असा डोलणारा ताल येतो. दोन्ही गाड्यांचे व्हीलबेस जवळपास सारखे असल्याने हा ताल दोन्हींत सारखाच. वेग ८० वरून ९५ केला तर तो बदलतो, कधी बराच सुसह्य होतो. आपल्या गाडीचा बरा वेग कोणता हे दहा किलोमीटरांत सापडते.

आवाज मोजायला महागडे यंत्र लागत नाही, शिस्त लागते. एकच फोन, एकच अ‍ॅप, दोन्ही गाड्यांत. फोन सहप्रवाशाने कानाच्या उंचीला धरावा, डॅशबोर्डवर ठेवू नये, तिथे थरथरीचा आवाज मोजला जातो. एसीचा पंखा दोन्हींत एकाच खुणेवर, गाणी बंद, गप्पा बंद. क्रूझ कंट्रोल लावून ८० ला आणि १०० ला प्रत्येकी तीस सेकंदांची सरासरी घ्यावी. शेजारून ट्रक गेला तर ते मोजमाप टाकून द्यावे. परत येताना उलट दिशेने तेच करावे, म्हणजे वाऱ्याचा परिणाम निघून जातो. फोनचा आकडा खरा डेसिबल नसतो, पण दोन गाड्यांमधला फरक त्याने विश्वासाने कळतो. एक डेसिबलचा फरक कानाला कळत नाही, तीनचा कळतो, दहाचा आवाज दुप्पट वाटतो. आणि नेहमीचे अ‍ॅप ए-वेटिंग लावते, म्हणजे खालच्या पट्टीतला घुमारा कमी मोजते. डोके जड करणारा हम आकड्यात दिसत नसेल तर कानावर विश्वास ठेवावा.

वाऱ्याचा आवाज वेगाबरोबर टायरच्या आवाजापेक्षा खूप भरभर वाढतो. ८० वरून १०० ला जाताना तो साधारण सहा डेसिबलने चढतो, १०० वरून १२० ला आणखी पाच. पिकअपचे आरसे मोठे, पुढची काच उभी, म्हणून शंभरच्या पुढे आत जो आवाज असतो तो मुख्यतः आरशांचा आणि दाराच्या वरच्या कोपऱ्यांचा. कुठून येतो ते शोधायला मास्किंग टेप पुरते. महामार्गावर चढायच्या आधी ड्रायव्हरच्या बाजूच्या पुढच्या दाराच्या फटीवर बाहेरून टेप लावावी (आतला माणूस मागच्या दाराने उतरू शकला पाहिजे), फेरी मारावी, पुढच्या इंटरचेंजला उतरून काढावी. आवाज घटला तर रबर नीट बसत नाही. समृद्धीवर कडेला थांबून हे उद्योग करू नयेत. दुसरी तपासणी घरच्या घरी: दहा रुपयांची नोट दारात धरून दार बंद करावे आणि ओढावी. चारही बाजूंनी सारखा जोर लागला पाहिजे. जिथे नोट सुळकन निघते तिथून वारा, धूळ आणि उन्हाळ्यात गरम हवा येणार.

इंजिनाचा फरक इथे उघडा पडला. सपाटीवर शंभरच्या स्थिर वेगाला दोन्हींत इंजिन मागे राहते, टायर आणि वारा पुढे. ट्रकला ओलांडायला पाय दाबला की १.९ लिटरच्या इंजिनाला गिअर खाली घेऊन फेऱ्या चढवाव्या लागतात, आणि ते कानाला कळते. ५०० एनएमची गाडी तेच काम खालच्या फेऱ्यांवर उरकते. ज्यांचे महिन्याचे बरेच किलोमीटर समृद्धीवर जाणार आहेत त्यांच्यासाठी मी या फरकाला सीटच्या लेदरपेक्षा कितीतरी जास्त किंमत देईन.

वर्ध्याला उतरून सेवाग्रामकडे गेलो. साध्या डांबरी रस्त्यावर चढताच केबिन अशी शांत झाली की दोन्ही गाड्यांत बसलेले सगळे एकाच वेळी बोलू लागले. रस्त्याचा पृष्ठभाग बदलल्याने पडलेला फरक दोन गाड्यांमधल्या फरकापेक्षा मोठा होता. म्हणून एका गाडीची चाचणी डांबरावर आणि दुसरीची सिमेंटवर झाली असेल तर ती तुलना बाद समजावी. वर्ध्याचा गोरसपाक घ्यावा, थंडीत तो प्रवासात छान टिकतो.

तिसरा दिवस: काटोलची संत्री, दोनशे किलो

काटोल म्हणजे संत्र्याचा पट्टा. आंबिया बहाराचा शेवटचा माल निघत होता. रस्त्यावर मध्ये मध्ये काम सुरू, डायव्हर्जन, कच्ची वळणे. पिकअप पारखायला याहून चांगले काय. जाताना हौदे मुद्दाम रिकामे ठेवले.

बागेत क्रेट भरण्याआधी एक मोजमाप केले. मागच्या चाकाच्या मधोमध असलेल्या टोपीपासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने घेतले. मग प्रत्येक गाडीत साधारण वीस किलोचे दहा क्रेट, अ‍ॅक्सलच्या किंचित पुढे, केबिनच्या भिंतीला टेकवून, पट्ट्याने आवळून. पुन्हा अंतर मोजले. दोनशे किलोला गाडी किती खाली बसते यावरून मागचे पाटे किती कडक आहेत ते थेट कळते. जी कमी बसते ती रिकामी असताना जास्त उडणार. माल अ‍ॅक्सलच्या मागे, फाटकाजवळ ठेवू नये. पुढची चाके हलकी होतात, स्टीअरिंग तरंगते आणि रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

बागायतदार काका स्वतः वर्षानुवर्षे मालाची पिकअप चालवणारे. त्यांनी दोन्ही गाड्यांच्या मागे वाकून पाट्यांची संख्या पाहिली आणि म्हणाले, "रिकामी गाडी नाचतेच बापा. दोन क्विंटल टाका अन् मंग पाहा, कशी चालते ते."

आणि तसेच झाले. येताना ज्या डायव्हर्जनवर मागची सीट नकोशी झाली होती, तिथेच परतताना दोन्ही गाड्या जमिनीला धरून चालल्या. कारण सोपे आहे. स्प्रिंगचा कडकपणा तोच, वरचे वजन वाढले की हेलकाव्याचा वेग घटतो. समजा रिकाम्या गाडीत मागच्या स्प्रिंगांवर ७०० किलो आहेत आणि वर २०० टाकले, तर मागच्या बाजूची वारंवारता सुमारे १२ टक्क्यांनी उतरते. बारीक खडखडही गिळली जाते. आवाजही बदलतो: हौद्याचा रिकामा पत्रा घुमतो, क्रेट ठेवले की तो घुमारा दबतो.

काकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. क्रेट काठोकाठ न भरता वर मोकळी जागा ठेवली की सगळ्यात वरचा थर खराब होतो. बारीक थरथरीत वरची फळे सुटी उड्या मारतात आणि एकमेकांवर घासतात, खालची दाबात असल्याने हलत नाहीत. म्हणून ते वर गवताचा थर देऊन जाळी बांधतात. "संत्र्याले मोठा दणका सोसते, बारीक थरथर नाही सोसत," ते म्हणाले. माणसाच्या पाठीचेही तेच आहे आणि गाडी निवडताना नेमकी ही बारीक थरथर तपासायची राहून जाते.

रोज रिकामी चालणार असेल तर हौद्यात दोन-तीन वाळूची पोती कायम ठेवणारे लोक आहेत. शंभर-दीडशे किलोने फरक नक्की पडतो, पण पोती पट्ट्याने बांधलेली हवीत. अपघातात सुटे पोते केबिनच्या मागच्या काचेतून आत येते. आणि एक सल्ला मात्र ऐकू नये: "एक पाटा काढून टाकू, मऊ होईल." पाटा काढला की गाडीची भार पेलण्याची क्षमता जाते, जोरात वेग घेताना अ‍ॅक्सल पिळवटतो, आणि ज्या गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब गाडीच्या उंचीवरून ठरवणारा व्हॉल्व्ह असतो त्यांत ब्रेकचे गणितही बिघडते. मऊपणा हवाच असेल तर आधी हवा, मग टायर, मग चांगले शॉक अ‍ॅब्सॉर्बर, या क्रमाने जावे. पाट्यांच्या टोकांमधले घर्षण कमी करणारे पॅड झिजले असतील तर ते बदलावेत. पावसाळ्यानंतर मागून येणारी करकर बहुतेक वेळा तिथली किंवा शॅकलच्या (पाट्याचे टोक चेसिसला जोडणाऱ्या कडीच्या) रबरी बुशांची असते.

जेवण बागेतच झाले. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरणावर तूप. थंडीच्या दिवसांत सांबारवडीही मिळते, तिच्यासाठी पोटात जागा ठेवावी.

चौथा दिवस: मनसर, पवनी, सिल्लारी

शेवटच्या दिवशी मागच्या सीटची परीक्षा. व्ही-क्रॉसवाल्यांच्या घरच्या काकू, गुडघ्याचे दुखणे असलेल्या, मुद्दाम सोबत आल्या. त्या अर्धा वेळ एका गाडीत, अर्धा वेळ दुसरीत बसल्या. ज्यांच्यासाठी गाडी घ्यायची त्यांना चाचणीला न नेता घेतलेल्या पिकअप वर्षभरात विकायला निघालेल्या आम्ही पाहिल्या आहेत.

दुहेरी केबिनमध्ये मागची पाठ एसयूव्हीपेक्षा उभी असते, कारण तिच्या मागे लगेच केबिनची भिंत आणि मग हौदा. कोन बदलता येत नाही. ती सीट मागच्या अ‍ॅक्सलच्या जवळ असल्याने उसळीही तिथे जास्त. तपासायच्या गोष्टी: मांडीला पूर्ण आधार मिळतो का, का गुडघे वर येतात, पाय पुढच्या सीटखाली सरकतात का, चढताना पायरी आणि खांबावरची मुठ हाताला लागते का. काकूंनी चढण्या-उतरण्याला सर्वांत जास्त महत्त्व दिले. खालच्या बाजूची पायरी रुंद हवी, अरुंद नळीवर चप्पल घसरते.

मनसरपर्यंत चौपदरी राष्ट्रीय महामार्ग ४४, मग डोंगर आणि साग. पुढे पेंचच्या जंगलातून रस्ता उंचावर घेतला आहे, खालून वाघ-चितळांना मोकळी वाट, आणि उन्नत भागांवर कडेला आवाज व दिव्यांचा झोत अडवणाऱ्या भिंती. या भिंती जंगलाला शांत ठेवतात, तोच आवाज गाडीकडे परत फेकतात. काच दोन बोटे उघडून भिंतीच्या भागातून आणि नंतर मोकळ्या भागातून जा. टायरचा आवाज चढताना-उतरताना स्पष्ट ऐकू येतो. काच बंद केल्यावर तो चढ-उतार जितका कमी ऐकू येईल तितक्या दारांच्या काचा आणि रबरे चांगली. ही तपासणी कुठल्याही पुलाच्या कठड्याशेजारी होते. उन्नत भागावर थांबायचे नाही, वेग मर्यादेत ठेवायचा.

पवनीहून सिल्लारीकडे वळल्यावर कच्च्या आडरस्त्यांवर आडव्या लाटा पडलेल्या होत्या. अशा रस्त्यावर वेग फार कमी केला तर प्रत्येक लाट मोजून लागते, फार वाढवला तर मागचे चाक जमीन सोडते. टायरची हवा चार-पाच पीएसआयने उतरवली आणि वेग ३० च्या आत ठेवला; काकूंना हवेचा हा फरक न सांगता कळला, "आता बरं वाटून राहिलं." त्यासाठी गाडीत बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर हवाच. डांबरावर परत चढण्याआधी हवा पूर्ववत केली नाही तर वेगात टायरची भिंत तापून फाटते. सफारीला आपली गाडी जात नाही, ती गेटवरच्या नोंदणीकृत जिप्सीतून. पिकअप बाहेर उभी करावी.

परतीच्या वाटेवर काकूंचे मत ठरले होते आणि ते आमच्याही मताशी जुळले. रिकाम्या गाडीत, चांगल्या रस्त्यावर, पुढे बसणाऱ्याला हायलक्स अधिक शांत. शहरात आणि खराब रस्त्यावर मागे बसणाऱ्याला व्ही-क्रॉसची किंचित मऊ मागची बाजू बरी, तिचा जास्तीचा हेलकावा चालवून घेता येत असेल तर. माल कायम असणार असेल तर आरामातला फरक जवळपास मिटतो, मग इंजिन, सर्व्हिस सेंटरचे अंतर आणि बजेट यांवर ठरवावे. आणि हौद्याचा उपयोग वर्षातून चारदाच होणार असेल, मागे रोज वडीलधारी माणसे बसणार असतील, तर दोन्हींवर फुली मारून फॉर्च्युनर किंवा आयसुझूची एमयू-एक्स पाहावी. चेसिसवरच्याच गाड्या, पण मागे पाट्यांच्या जागी लिंक आणि कॉइल स्प्रिंग. काकूंच्या मुलाला हे आवडले नाही, पण सांगणे भाग होते.

गाडी घेतल्यावर आवाज कमी करायचा असेल तर पैसे कुठे घालायचे याचा क्रम असा. मागच्या सीटच्या पाठीमागची केबिनची भिंत पहिली. तो पातळ, सपाट पत्रा हौद्याचा आणि मागच्या टायरचा आवाज आत आणतो. सीट काढून त्यावर दोन मिलिमीटरचे ब्युटाइल शीट (थरथर शोषणारे चिकट रबर), पत्र्याचा निम्मा भाग झाकला तरी घुमारा मरतो, वर बंद पेशींचा फोम. मग मागच्या चाकांवरची जमीन, मग दारे. दाराच्या तळाशी पाणी निघायची भोके असतात ती झाकू नयेत, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात दार आतून गंजायला लागते. छताला शीट लावायचे तर एअरबॅगच्या वायरिंगची माहिती असलेल्याकडूनच. हौद्यावर कापडी आच्छादन घेतले तर ते ताणलेले हवे. सैल कापड ८० च्या पुढे फडफडते आणि टायर-वाऱ्यावर केलेली सगळी मेहनत वाया घालवते. मागचे फाटक उघडे ठेवून वारा कमी होतो हा समज सोडून द्यावा. फाटक बंद असताना हौद्यात हवेचा भोवरा अडकून राहतो आणि बाहेरची हवा त्यावरून सरकते. फाटकाच्या कडीला रबराचा जाड तुकडा लावला की खडखड थांबते. काटोल रोडवर सर्वांत जास्त डोके उठवले ते याच कडीने, आणि तिचा इलाज सर्वांत स्वस्त निघाला.